दिव्याविना पाडवा

एकटीनं परदेशी जाण्याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम आहेत. काकांचं म्हणणं असं, की घराबाहेर पडताना माणसाला नियम पाठ हवेत, आपला हक्क किती आणि दुसऱ्याची जबाबदारी किती हे ठाऊक हवं, आणि शक्यतो चार माणसांची सोबत हवी. मला वाटतं, नियम जिथे संपतात तिथूनच परका मुलूख सुरू होतो आणि तो एकट्या माणसाला जास्त जवळून बघायला मिळतो.

काका एसटीत वाहक म्हणून लागले आणि भिवंडी आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. उशिरा आलेल्या गाड्या, न आलेल्या गाड्या आणि त्यांची वाट बघत ताटकळलेले लोक, यांच्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. उशीर हा विषय त्यांच्यासमोर काढायचा तर तयारीनिशी काढावा लागतो. ते राहतात कशेळीला. गॅलरीतून एका अंगाला खाडी दिसते, दुसऱ्या अंगाला ठाणे-भिवंडी रस्ता, मेट्रो पाचचे खांब आणि खांबांखालून काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर. पुलावर एखादा कंटेनर बंद पडला की बाळकुमपर्यंत गाड्या जागच्या हलत नाहीत. इथून विमानतळावर जायचं म्हणजे उशिराची शक्यता घरातूनच हिशेबात धरायची.

२०२३चा गुढीपाडवा मी बालीत काढला. परत आल्यावर कशेळीला गेले, आणि चहाच्या आधीच चौकशी सुरू झाली.

काका : आधी उशिराचं सांग. मुंबईहून किती वाजता सुटायचं होतं?

मी : रात्री अकराच्या सुमाराला. सुटलं पहाटे चारला. क्वालालंपूरला विमान बदलायचं होतं, ते अर्थातच निघून गेलेलं.

काका : कारण काय दिलं?

मी : येणारं विमान उशिरा आलं, एवढंच.

काका : ते खोटं नसणार. गाडी तीच असते गं. वाड्याहून आलेली गाडी पाऊण तास उशिरा आली की तीच पुढे ठाण्याला न्यायची असते. लोकांना वाटतं, आगारात दहा गाड्या उभ्या आहेत आणि हे मुद्दाम सोडत नाहीत. आणि ड्रायव्हरचे तास भरले की गाडी असूनही नसल्यासारखी.

मी : विमानाचंही तेच. एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असतं. सकाळी कुठेतरी धुकं पडलं तर रात्रीच्या प्रवाशाला ते भोगावं लागतं. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे, ती ओलांडली की नवे वैमानिक आणावे लागतात. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन असल्या तरी एका वेळी एकच वापरता येते. एकदा घडी विस्कटली की सावरायला जागाच नाही.

काका : हे झालं त्यांचं. प्रवाशाला काय मिळालं?

मी : खाण्याचं कुपन. आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास, त्याहून लांबच्या उड्डाणाला चार तास, की खाणंपिणं द्यायचं. चोवीस तासांवर गेलं तर हॉटेल. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं, तरी हॉटेल.

काका : आणि पैसे?

मी : युरोपातून निघाले असते तर रोख भरपाई होती. तिथे २००४चा नियम आहे. तीन तासांहून उशिरा पोचवलं आणि दोष कंपनीचा असला, तर अंतराप्रमाणे अडीचशे, चारशे किंवा सहाशे युरो. वादळ, बंद पडलेलं आकाश अशी कारणं त्यातून वगळली आहेत. आपल्याकडे ठरावीक रक्कम नाही. १९९९चा माँट्रिअल करार आहे, भारतानं तो २००९ मध्ये स्वीकारला. त्याखाली उशिरानं झालेलं नुकसान मागता येतं, पण ते पुराव्यानं दाखवावं लागतं. आणि आम्ही करता येण्यासारखं सगळं केलं होतं असं कंपनीनं सिद्ध केलं, तर तेही मिळत नाही.

काका : इतकं सगळं तुला माहीत आहे, मग मी वेगळं काय सांगतो? नियम माहीत असावेत, एवढंच.

मी : नियमानं मला सँडविच मिळालं, काका. क्वालालंपूरच्या खिडकीपाशी मला ज्यानं वाचवलं, ते मी एकटी असणं होतं.

हे नीट सांगायला हवं, कारण एकट्या प्रवाशाच्या बाजूनं बोलणारे लोक स्वातंत्र्य, आत्मविश्वास असले मोठे शब्द वापरतात आणि हा साधा हिशेब विसरतात. माझं पुढचं तिकीट त्याच आरक्षणात होतं, त्यामुळे पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीचीच होती. तिकिटं दोन वेगवेगळी काढलेली असली तर पहिल्या कंपनीला दुसरीशी काही देणंघेणं नसतं, हे कुणीही परदेशी निघण्याआधी मनात पक्कं करावं. संध्याकाळच्या विमानात एक जागा होती. एकच. माझ्या पुढे पाच जणांचं गुजराती कुटुंब होतं, आजीसकट. पाच जागा त्या दिवशी नव्हत्या आणि दुसऱ्या दिवशी एकही विमान नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी बालीचा विमानतळच बंद होता. ती एक जागा मला मिळाली. त्यांना तेवीस तारखेपर्यंत क्वालालंपूरला थांबावं लागलं.

काका : विमानतळ बंद? संप होता?

मी : सण होता. न्येपी. त्यांचं नवं वर्ष. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत बेटावर काही म्हणजे काही चालत नाही. विमान उतरत नाही, उडत नाही, बंदर बंद, रस्ते बंद. चार गोष्टी वर्ज्य : आग पेटवायची नाही, काम करायचं नाही, कुठे जायचं नाही, करमणूक करायची नाही. दवाखाने चालू असतात, अडलेल्या बाईला न्यायला गाडी निघते. बाकी सगळे घरात. परदेशी पाहुणेसुद्धा. त्यांनी हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

काकू : म्हणून तुझा व्हिडिओ कॉल लागत नव्हता होय? मी इकडे पाडव्याच्या दिवशी घास घेतला नाही नीट.

मी : मोबाइलवरचं इंटरनेट बंद ठेवतात काकू, २०१८पासून. साधा फोन लागला असता.

काका : आता माझा मुद्दा ऐक. सहल कंपनीबरोबर गेली असतीस तर हा घोळ झालाच नसता. केसरी १९८४पासून लोकांना नेते आहे, वीणा वर्ल्ड दहा वर्षं नेते आहे. त्यांचा टूर मॅनेजर कोणत्या तारखेला कुठला विमानतळ बंद आहे ते बघूनच सहल आखतो. शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका बायकांच्याच सहलीला गेल्या, हसतखेळत परत आल्या. तुमची गाडी चुकली तर दुसरी त्याला शोधावी लागते, तुम्हाला नाही.

मी : त्या सहलींनी मराठी बाईला पासपोर्ट काढायला लावलं, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या सहलीत मी गेले असते तर न्येपी टाळूनच गेले असते. बंद विमानतळ ही त्यांच्या लेखी अडचण. मला तो सण बघायचा होता म्हणून मी तारीख धरून गेले होते. फक्त उबुदला पोचून, ठरलेल्या घरी, निवांत बघणार होते. उशिरानं ती जागा बदलली.

काका : निवांत आणि एकटी, हे दोन शब्द जुळत नाहीत. विमानतळावर पाच तास बसलीस तेव्हा पिशवी कुणाकडे देऊन बाथरूमला गेलीस?

मी : पिशवी घेऊनच गेले.

काका : आणि झोप?

मी : पिशवीचा पट्टा पायाला गुंडाळून. लागली नाही फारशी.

काका : बघ. स्टँडवर एकटी बाई रात्री उशिराच्या गाडीला थांबलेली दिसली की मी तिला कंट्रोल केबिनसमोरच्या बाकावर बसवायचो, नजरेसमोर. परदेशात अशी केबिन नसते.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. एकट्या प्रवाशाला डुलकी महाग पडते. बरोबर कुणी असलं तर थकवा वाटून घेता येतो. एकटीला तो स्वतःच वाहावा लागतो, आणि नेमक्या त्या थकलेल्या अवस्थेत तिला अनोळखी गावात योग्य निर्णय घ्यावे लागतात.

असा एक निर्णय मला बालीत उतरल्यावर लगेच घ्यावा लागला. विमान एकवीस तारखेला रात्री साडेनऊनंतर टेकलं. उबुद तिथून चाळीसेक किलोमीटर, एरवी दीड तास. पण न्येपीच्या आदल्या रात्री गावोगाव ओगोह-ओगोह निघतात : बांबूच्या जाळीदार चौकटीवर बसवलेले, कागद-कापडाचे, दोन पुरुष उंचीचे राक्षस. पोरं ती चौकट खांद्यावर घेऊन धावतात, मागून झांजा आणि ढोल. चौकात आलं की राक्षसाला उलटा तीनदा फिरवतात, म्हणजे भुतांना दिशा कळू नये. रस्ते त्यासाठी बंद. उबुदला यायला एकही गाडीवाला तयार होईना, कारण त्याला स्वतःला मध्यरात्रीच्या आत घरी पोचायचं होतं. शेवटी एकानं मला विमानतळाशेजारच्या तुबानमध्येच, त्याच्या ओळखीच्या एका घरगुती लॉजवर सोडलं.

लॉजच्या मालकीणबाईंनी खोली दाखवली आणि खाणाखुणांनी, मोडक्या इंग्रजीत, सगळं समजावलं. पडदे जाड होते, ते ओढून घ्यायचे. दिवा लावायचा नाही; अगदी लागला तर बाथरूमचा, दार लावून. टेबलावर तिनं गरम पाण्याचा थर्मास ठेवला, केळ्याच्या पानात गुंडाळलेला भात, केळ्यांची फणी, उकडलेले रताळ्याचे तुकडे. हे उद्याचं, ती म्हणाली, कारण उद्या चूल नाही.

काकू : आणि मी तुला दिलेली गाठी?

मी : होती ना पिशवीत. मोडली नव्हती.

काकू : मग गुढी उभारलीस की नाही?

मी : खोलीतच. कपड्यांच्या दांडीला नवी ओढणी बांधली, वर स्टीलचा पेला उपडा घातला, गाठी लटकवली. कडुनिंब नव्हता. हळदीकुंकू तू दिलेलंच.

काकू : आणि दिवा?

मी : नाही लावला.

काकू : पाडव्याला देवापुढे दिवा नाही?

मी : तू दिलेली तुपात भिजवलेली वात होती, काडेपेटी मागता आली असती. पण तिथे त्या दिवशी आग पेटवायची नसते, काकू.

काकू : चूल पेटवायची नसेल. दिवा म्हणजे चूल आहे का? आणि लोक हिंदूच ना तिथले? देव आपलेच ना?

या एका प्रश्नात सगळी अडचण आहे. परक्या रीतीला तोंड द्यायचं म्हटलं की आपण जपानमध्ये ताटात काड्या कशा ठेवायच्या किंवा थायलंडमध्ये सकाळी आठला राष्ट्रगीत लागलं की थांबायचं, असल्या गोष्टींची तयारी करतो. ते सोपं असतं, कारण तिथे सगळंच वेगळं आहे हे डोळ्यांना दिसतं आणि माणूस आपोआप जपून वागतो. अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली म्हणून. अनारशाला लावलेली खसखस गुन्हा ठरू शकते हे एकदा कळलं की विषय संपला, डबा घरी ठेवायचा. बालीत तसं नाही. देवळं, रामायण, गणपती, उदबत्ती, कपाळाला लावलेले तांदूळ, सगळं ओळखीचं. वर्षसुद्धा तेच : शालिवाहन शक. आमच्या कालनिर्णयवर बावीस मार्चच्या चौकटीत शके १९४५ सुरू झालं, आणि त्यांच्या पंचांगातही त्याच दिवशी १९४५च सुरू झालं. त्याच सकाळी डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थाननं सुरू केलेली स्वागतयात्रा ढोलताशांनी रस्ते भरून टाकत होती. इथे मात्र कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. एक शक, एक प्रतिपदा, आणि साजरं करण्याच्या दोन उलट तऱ्हा. ओळखीचं वाटलं की आपण हक्कानं वागायला लागतो, दिवा लावायला हात पुढे करतो, आणि नेमकं तिथे पाऊल घसरतं.

काका : तारीख दरवर्षी एकच येते?

मी : नाही. अधिक महिना धरण्याची त्यांची रीत वेगळी आहे. पुढच्या वर्षी न्येपी अकरा मार्चला आणि आपला पाडवा नऊ एप्रिलला.

काका : म्हणजे आपल्या पंचांगावर विसंबून कुणी तिकीट काढलं तर फसला.

मी : तिथल्या सरकारची सूचना बघूनच काढावं. विमानतळ बंद राहणार हे ते आधीच जाहीर करतात.

काकू : तुम्ही तारखा नंतर काढा. दिव्याचं बोला. आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार गेल्या, त्यांनी आपलं सोडलं का काही?

आनंदीबाईंचं नाव कशेळीत निघालं की ते शेजारच्या घरातलं असल्यासारखं निघतं. कल्याण इथून जवळच, आणि आनंदीबाई कल्याणच्या जोशी घराण्यातल्या, लग्नाआधीची यमू. ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून त्या जहाजावर चढल्या तेव्हा वय अठरा. ४ जूनला न्यूयॉर्क. निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. ते त्यांनी पाळलं. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ला पदवी घेतली, तीही साडी नेसून. मांसाहार केला नाही. अमेरिकेच्या थंडीतल्या त्या हट्टाची किंमत त्यांच्या तब्येतीनं मोजली, असं मला चरित्रं वाचताना नेहमी वाटत आलं आहे. २६ फेब्रुवारी १८८७ला त्या गेल्या तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

काका : आनंदीबाई माझ्या बाजूच्या आहेत. एकट्या निघाल्या खऱ्या, पण वाऱ्यावर नाही निघाल्या. त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टातले. पत्रं आधी लिहिलेली, रोझेलच्या कार्पेंटरबाई वाट बघत होत्या, उतरल्या त्या थेट त्यांच्या घरी. याला म्हणतात तयारी.

मी : आणि त्या कार्पेंटरबाई भेटल्या कशा? १८८०मध्ये त्या दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर मिशनऱ्यांचं एक मासिक पडलेलं, ते चाळताना गोपाळरावांचं पत्र दिसलं. एका बाईला ताटकळावं लागलं म्हणून कल्याणच्या मुलीला अमेरिकेत घर मिळालं. ही तयारी कुणाच्या वेळापत्रकात बसत होती?

काका : एक गोष्ट सांगून नियम मोडत नाही.

मी : बरं. मग तुमचीच सांगते. मुक्कामी गाडी.

इथे काका गप्प झाले. वाहक असताना ते शहापूरकडच्या मुक्कामी गाड्यांवर होते. संध्याकाळची शेवटची गाडी आडगावात जाऊन थांबते, चालक-वाहक रात्री तिथेच राहतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. मारुतीच्या देवळात घोंगडी अंथरायची, कुणाच्या तरी घरून भाकरी आणि कालवण यायचं. गावात मयत झालेली असली तर त्या रात्री चूल नसायची, मग हेही उपाशी झोपायचे, कुणी त्यांना सांगितलं नव्हतं तरी. बरोबर डबा असला तरी उघडायचे नाहीत. हे काकांनीच मला लहानपणी कितीदा सांगितलंय.

काका : ते वेगळं होतं. ते आपलंच गाव.

मी : तुमचं नव्हतं. तुम्ही तिथे एका रात्रीचे होता.

काका : (थोडं थांबून) डबा उघडणं बरं दिसलं नसतं.

मी : माझी वातही तशीच राहिली.

काकूला हे पटलं नाही. तिचं माहेर आचऱ्याचं, मालवण तालुक्यातलं, आणि तिच्याकडे माझ्यापेक्षा मोठा दाखला होता. आचऱ्याला दर काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री रानात झोपड्या बांधून राहतं. गावात माणूस उरत नाही. काकूनं लहानपणी ती पळण पाहिली आहे.

काकू : पळणीत आम्ही गाव सोडायचो, पण झोपडीत दिवा असायचा. गाणी असायची, तीन दगडांची चूल असायची. देवानं गाव रिकामं करायला सांगितलं, अंधार करायला नाही सांगितलं.

मी : आणि पळणीच्या दिवशी मुंबईचा एखादा पाहुणा आला असता, आणि म्हणाला असता, मी तुमच्या गावचा नाही, मी आपला घरात झोपतो, तर?

काकू : असं कोण म्हणेल? बाहेर चल म्हटलं असतं त्याला. जेवायला वाढलं असतं बाहेरच.

मी : माझ्या बाबतीत त्या बाईंनी तेच केलं. वाढून ठेवलं, आणि आत बस म्हणाल्या.

काकू : पण दिवा...

तिनं वाक्य पुरं केलं नाही, आणि मला ते जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. काकूचं दुःख खरं आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी घरची पोर परक्या गावात अंधारात बसली, हे तिला शास्त्राच्या कोणत्याही वचनानं सोसणार नव्हतं. आणि मी जे केलं तेच बरोबर होतं असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही; पडद्याआड एक वात कुणाला दिसणार होती? दिसणार नाही म्हणून लावावी, की कुणी बघत नसतानाही पाळली तर ती रीत, यावर मी त्या खोलीत बराच वेळ घालवला. दुपारी खिडकीच्या फटीतून बघितलं तर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड कमरेला गुंडाळलेला गावचा राखणदार, पेचालांग, सायकलवरून सावकाश चालला होता. धावपट्टी इतकी जवळ, की एरवी भिंती थरथरत असतील. त्या दिवशी त्याच्या सायकलच्या साखळीचा आवाज मला ऐकू आला. रात्री आठला अंगणात आले तर पायापुढचं दिसत नव्हतं. आकाशात इतके तारे होते, की ओळखीचा मृगही गर्दीत चटकन सापडेना. लॉजची मालकीणबाई तिथेच पायरीवर बसली होती. आम्ही दोघी बोललो नाही.

काका : हे सगळं ठीक. सुंदर आहे. आता व्यवहाराचं. उबुदच्या खोलीचे पैसे भरले होतेस?

मी : दोन रात्रींचे. परत मिळाले नाहीत. त्यांचीही चूक नाही.

काका : पावती आहे? मुंबईच्या विमानाचा बोर्डिंग पास? क्वालालंपूरला बदलून दिलेलं तिकीट?

मी : सगळं आहे. फोनमध्ये फोटोही आहेत, आणि उशीर किती हे दाखवणाऱ्या विमानतळावरच्या फलकाचाही.

काका : शाब्बास. मग अर्ज लिहायचा. करारात दावा लावायला मुदत किती?

मी : पोचल्यापासून दोन वर्षं.

काका : दोन वर्षं आहे म्हणून दोन वर्षं थांबायचं नाही. माझ्याकडे लोक सहा महिन्यांनी यायचे तक्रार घेऊन, तोवर लॉगशीट रद्दीत गेलेली असायची. लिही. दिनांक, उड्डाण क्रमांक, आरक्षण क्रमांक. ठरलेली वेळ, सुटलेली वेळ, पोचलेली वेळ. उबुदच्या दोन रात्रींचं भाडं, तुबानच्या लॉजचं भाडं, गाडीभाडं. आणि मनस्ताप. नववर्षाचा सण वाया गेला, हे स्पष्ट लिही.

मी : भाडं लिहिते. मनस्ताप नाही लिहिणार.

काका : अगं, नुकसानीत धरतात तो!

मी : नुकसान झालं असतं तर धरला असता. सण वाया गेला असं मी कागदावर कसं लिहू?

काका : तुझा गेला नसेल. हिचा गेला.

त्यांनी काकूकडे बोट केलं. काकूनं माझ्यासमोर श्रीखंडाची वाटी आणून ठेवली. पाडवा होऊन बरेच दिवस झाले होते, तरी तिनं पुन्हा चक्का टांगला होता. मी अर्जात भाड्याच्या तीन रकमा लिहिल्या आणि पावत्या जोडल्या. काकांनी तो वाचला, एका ठिकाणी वेळ दुरुस्त केली, आणि खाली आपल्या हातानं एक ओळ वाढवली, की विलंबाची सूचना प्रवाशास किती वाजता दिली याचा लेखी खुलासा मिळावा. ती ओळ मी ठेवली आहे.